आइस्क्रीमच्या गाडीतून घाटमाथा

मी फक्त खिडकी लावायला उठलो होतो, हे मी आजही शपथेवर सांगायला तयार आहे. चर्चच्या मागच्या सभागृहात बैठक चालली होती, वारा सुटला होता, खिडकीचं दार आपटत होतं आणि काच फुटलीच तर ती कुणाच्या डोक्यावर पडेल, याचा हिशेब माझ्या मनात आपोआप सुरू झाला होता. उभा जन्म विम्याच्या धंद्यात गेलेल्या माणसाचं असंच होतं. लोकांना भिंत दिसते, मला पडलेली भिंत दिसते. तर मी उठलो आणि नेमकं त्याच वेळी रुबिएलाने समोरून विचारलं, "हिल्दार्दोभावजी, तुम्हाला काही सुचवायचंय का?"

सगळ्या माना वळल्या. खिडकी लावायला उठलो होतो, असं सांगणं त्या क्षणी मला फार हलकं वाटलं. मी म्हणालो, "सायकलफेरी काढू या."

टाळ्या पडल्या. मला उद्देशून टाळ्या पडण्याचा तो आयुष्यातला पहिलाच प्रसंग, त्यामुळे मी खुळ्यासारखा हसत उभा राहिलो. तेवढ्यात माझ्या नकळत ठराव झाला, की फेरी मी काढायची, परवानग्या मी आणायच्या आणि सर्वांत पुढे सायकलवर मीच असायचं. खिडकी शेवटपर्यंत आपटतच राहिली.

बैठक कशासाठी होती ते सांगायला हवं. रुबिएलाचा नवरा आर्सेसियो तोबोन हा माझा कोम्पाद्रे, म्हणजे माझ्या मुलीचा धर्मपिता. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावापेक्षा जवळचं धरतात, कारण भावाशी भांडता येतं, कोम्पाद्रेशी येत नाही. आर्सेसियो शाळेत गणित शिकवायचा आणि रविवारी सायकल मारायचा. आमच्या एल रोब्लाल गावात घाट चढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मग एके दिवशी फळ्यावर लिहिताना खडू हातातून पडायला लागला. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच एकेक करून मरत जातात, असा तो आजार. हात गेले, पाय गेले आणि आता जीभ जड झाली होती. डोकं मात्र पहिल्यासारखंच लख्ख, म्हणजे पहिल्यासारखंच खवचट. गावात आणि आसपासच्या वाड्यांत नसांच्या असल्या आजारांची आणखी चार घरं होती. मेडेयीनच्या इस्पितळात जायचं तर खुर्ची बसच्या टपावर आणि माणूस क्लीनरच्या खांद्यावर, केळ्यांच्या घडांशेजारून. म्हणून खुर्चीसकट आत चढता येईल अशी एक गाडी घ्यायची होती. जो सायकलवर जितका लांब जाईल, तितकी त्याच्या नावावर लोकांनी देणगी द्यायची, असं ठरलं.

ती गाडी आली, हे आत्ताच सांगून टाकतो. नाहीतर वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा. माझा तेव्हा लागला होता तेवढा पुरे आहे.

बातमी गावात पसरली आणि सल्ले यायला लागले. समोरच्या फाबिओलाबाईंनी रस्ता ओलांडून येऊन सांगितलं की त्यांचे दीर माझ्याच वयात सायकलवर बसले आणि उतरले ते थेट शवपेटीत. एवढं सांगून त्यांनी पेरूच्या वड्यांचा डबा हातात दिला. अशक्तपणा येऊ देऊ नका म्हणाल्या. न्हाव्याने सांगितलं की पायांवर केस असले तर वारा अडतो, शिवाय पडल्यावर जखम साफ करता येत नाही. वाऱ्याचं मला काही वाटलं नाही, पण 'पडल्यावर' हा शब्द पोटात जाऊन बसला. माझी बायको नूबिया हिने मेण तापवलं. डाव्या पायाची पोटरी झाल्यावर मी ओरडलो, तेव्हा ती म्हणाली की मी दर महिन्याला करते, माझा आवाज कधी ऐकलात? उजवा पाय मी वस्तरा घेऊन स्वतः केला. त्यानंतरचा आठवडाभर कचेरीत येणारा प्रत्येक माणूस विम्याचा विषय बाजूला ठेवून मला पँट वर करायला सांगत होता. नोटरींच्या पत्नींनीही सांगितलं. मी केली. चांगल्या कामासाठी माणसाला किती खाली उतरावं लागतं, याचा मला तिथे पहिला अंदाज आला.

सायकल आर्सेसियोने स्वतःची दिली. दोन वर्षं ती त्याच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलेली होती. रोज सकाळी मी ती काढायचो आणि तो सज्जात खुर्चीत बसून माझ्यावर देखरेख करायचा. त्याचं बोलणं आता फक्त रुबिएलाला कळायचं. तो लांबलचक काहीतरी पुटपुटायचा, जबडा दुखेपर्यंत, आणि ती म्हणायची, "छान चाललंय म्हणतोय." एकदा तो नुसता एकच शब्द बोलला, त्यावर तिने मला पाच मिनिटं पाठीच्या कण्याबद्दल समजावलं. या भाषांतरात काहीतरी गाळलं जातंय असा मला संशय होता. कारण "छान चाललंय" म्हणताना तिची मान लाजेने खाली जायची.

खाटीक लिबार्दोने तर माझ्या अब्रूचे वाभाडेच काढले. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर त्याने जाहीर केलं की हिल्दार्दो घाटमाथ्यावर पोचला तर माझ्याकडून अख्खं डुक्कर. झालं, सगळं गाव एकदम उदार झालं. बेकरीवाल्याने, औषधाच्या दुकानदाराने, माझ्या सख्ख्या मेहुण्याने भरमसाठ आकडे बोलले. सगळ्यांची अट एकच, हिल्दार्दो घाटमाथ्यावर पोचला तर. ते माझ्या फजितीवर किती विश्वासाने पैसे लावत होते, हे मी आर्सेसियोला रडकुंडीला येऊन सांगितलं. तो हसला. त्याला हसू आलं की आता थांबवता यायचं नाही, तेही या दुखण्यातच येतं. मग रुबिएलाने सांगितलं, "तो म्हणतोय, आता तुम्हाला पोचावंच लागेल."

परवानगीचं प्रकरण याहून अवघड निघालं. वाहतूक खात्याने सांगितलं, सायकली म्हणजे खेळ, क्रीडा खात्याकडे जा. क्रीडा खात्यातल्या बाईंनी विचारलं, जिंकणार कोण? मी म्हटलं, कुणीच नाही, ही मदतफेरी आहे. मग त्या म्हणाल्या की जिथे कुणी हरत नाही तो खेळ नव्हे. रस्त्याने बरीच माणसं एका दिशेला जातात आणि कुणी जिंकत नाही, त्याला मिरवणूक म्हणतात आणि मिरवणुकीला पाद्रीबाबांची सही लागते. फादर आन्सेल्मो सही करायला एका पायावर तयार होते, फक्त मिरवणुकीला संत पाहिजे म्हणाले. आजाऱ्यांचा वाली सान रोके आणि त्याचा कुत्रा, अशी प्लास्टरची मूर्ती त्यांच्याकडे होती. आता मूर्ती सायकलवर कशी न्यायची? म्हणून आइस्क्रीमवाल्याची तीनचाकी आणली. पुढे दोन चाकांवर पेटी, मागे पॅडल मारणारा. पेटीवर पेंग्विन रंगवलेला आणि चाक फिरलं की घंटा वाजायची, ती बंद करायची सोय नव्हती. सगळ्यांत दणकट म्हणून लिबार्दोला ती चालवायला नेमलं.

विमा तर माझ्याच कंपनीने नाकारला. धोक्यांचा अहवाल मीच लिहिला होता आणि तो मी प्रामाणिकपणे लिहिला होता: दऱ्या, धुकं, भटकी कुत्री, दुधाचे ट्रक, दरडी, हृदयविकार. वरच्या साहेबांनी फोन करून विचारलं की हा माणूस आपला हितशत्रू आहे का.

आणि हे सगळं जेमतेम मार्गी लागतंय तोवर आर्सेसियोने सांगितलं की मूर्तीच्या जागी तो स्वतः बसणार.

रुबिएला आधी नुसती नाही म्हणाली. मग ओरडून नाही म्हणाली. त्याची मान सावरत नाही, लाळ श्वासात गेली तर जीव गुदमरतो, गारठा बाधतो, डॉक्टरांनी जपायला सांगितलंय. मी तिच्या बाजूने होतो. माझ्याकडे तर आणखी सतरा कारणं होती आणि मी ती मोजून दाखवायला सुरुवातही केली. आर्सेसियोने मला हाताने गप्प केलं असतं, पण हात चालत नव्हता, म्हणून तो डोळे मिटून बसला. आम्ही थांबलो. तेव्हा तो एकेक शब्द सुटा करत, मलाही कळेल असा बोलला, "डॉक्टर म्हणाले जपा. कशासाठी जपायचं, ते नाही म्हणाले."

रुबिएला स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ भांडी वाजत राहिली. बाहेर आली ती मापाची टेप घेऊन आणि मला म्हणाली, पेटीची आतली रुंदी किती आहे ते बघून या.

मानेला आधार म्हणून पेटीत गादी, दोन उशा आणि एक पट्टा बसवला. सान रोकेला मिरवणुकीतून वगळता येईना, म्हणून त्याला आर्सेसियोच्या मांडीवर मफलरने बांधला. रुबिएला मागून लिबार्दोच्या ट्रकमधून येणार होती, आणि घाटमाथ्यावर आर्सेसियोला ट्रकमध्ये घेऊन पलीकडच्या उताराने अग्वाफ्रियाला, म्हणजे फेरी संपणार होती त्या गावाला, न्यायचं होतं. तीनचाकीने उतार उतरायचा नाही हे मी लेखी लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या.

फेरीच्या सकाळी चौक भरला होता. फादरनी आशीर्वाद द्यायच्या वेळी लिबार्दो तीनचाकी पायरीवरून उचलून घ्यायला गेला आणि त्याच्या कमरेत उसण भरली. तो पडला तो बाकावर आडवाच. बाकीचे सायकलवाले आपापल्या किलोमीटरांना बांधलेले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उंची सायकल धरून, तुळतुळीत पायांनी, घट्ट पिवळ्या कपड्यांत उभा होतो. इतक्या दिवसांचा सराव, ते मेण, त्या पेरूच्या वड्या सगळं वाया घालवून मी पेंग्विनच्या मागे जाऊन बसलो. बाकावरून लिबार्दो कण्हत म्हणाला, "डुक्कर यावरही लागू." माणूस वाईट नाही तो.

चढाबद्दल मी फारसं सांगणार नाही, कारण मला फारसं आठवत नाही. पहिल्या वळणावरच बाकीचे दिसेनासे झाले. घंटा वाजत होती, आणि वाटेतल्या प्रत्येक घरातून माणसं आइस्क्रीम घ्यायला धावत बाहेर येत होती. पेटीत आइस्क्रीमऐवजी तोबोन गुरुजी आणि एक संत बघून ती आधी दचकायची, मग हातातले पैसे गुरुजींच्या पांघरुणावर ठेवायची. एका म्हातारीने ढकलायला हात लावला तो दोन वळणं काढलाच नाही. माझ्या छातीत जे काही होत होतं त्याला माझ्या अहवालात वेगळा परिच्छेद होता. तरी मी पोचलो. पाटी दिसली, घाटमाथा, आणि मी हँडलवर डोकं टेकून उलटी येते का याची वाट बघत राहिलो.

उलटी आली नाही, निरोप आला. फोनला क्षणभर रेंज मिळाली तेवढ्यात रुबिएलाचे शब्द उमटले: खाली दरड पडली, ट्रक अडकलाय, आम्ही येतो, तिथेच थांबा. मग रेंज गेली. पुढचे सगळे सायकलवाले केव्हाच पलीकडे उतरले होते. माथ्यावर मी, आर्सेसियो आणि धुकं.

थांबणं मला जमतं. सांगितलेलं ऐकणं हा माझा स्वभाव आहे. मी माझं जाकीट काढून त्याच्या खांद्यांवर घातलं आणि वाट बघत उभा राहिलो. धुकं दाट होत गेलं, पांघरूण ओलसर झालं. आणि मग त्याला खोकला आला. खोकला म्हणणं चूक आहे, खोकायलाही ताकद लागते. घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज यायला लागला आणि त्याचे डोळे मोठे झाले. रुबिएलाला त्याचा घसा मोकळा करताना मी शंभरदा पाहिलं होतं, पण पाहणं वेगळं. मी पट्टा सोडला, त्याला पुढे वाकवला, एक हात कपाळाला लावला, दुसऱ्याने तोंडातून लाळ काढली, पुन्हा काढली. मधे सान रोकेचा कुत्रा माझ्या बरगडीत घुसत होता. मी काय बोलत होतो देव जाणे, बहुतेक विम्याची कलमं म्हणत होतो. शेवटी श्वास सुटला. एक, मग दुसरा. ओठ निळे होते आणि अंग थंडगार.

तो काहीतरी बोलला. मला कळलं नाही. पुन्हा बोलला. तिसऱ्यांदा मी माझा कान त्याच्या तोंडाजवळ नेला.

"खाली," तो म्हणाला.

मी त्याला सांगितलं की या गाडीला ब्रेक एकच आहे, तोही आइस्क्रीमच्या वेगासाठी केलेला. सांगितलं की मी सगळ्यांच्या सह्या घेतल्यात. सांगितलं की रुबिएला येतेय. तो नुसता बघत राहिला. मग मी त्याचे हात धरून पाहिले. इथे आणखी अर्धा तास बसवला तर काय, आणि खाली नेला तर काय, असे दोन धोके मी आयुष्यात पहिल्यांदाच कागदाशिवाय तोलले. आणि पट्टा आवळला.

पहिल्या वळणावर ब्रेक जळाल्याचा वास आला, दुसऱ्यानंतर तो नुसताच नावाला उरला. मी दोन्ही बूट रस्त्यावर घासत होतो. पुढे धुकं. आर्सेसियोच्या डोक्यापलीकडे मला काही दिसत नव्हतं. तेवढ्यात तो आवाज काढायला लागला. आधी मला वाटलं पुन्हा घशात अडकलं. मग लक्षात आलं, एक लांब हुंकार म्हणजे डावीकडे, दोन छोटे म्हणजे उजवीकडे, आणि नुसता गुरगुरला की बूट दाबायचे. हा घाट त्याने शेकडो रविवार उतरला होता. मी डोळे मिटून घेतले असते तरी चाललं असतं. खरं तर एका ठिकाणी घेतलेही होते. घंटा इतकी वेगात वाजत होती की ती एकच सलग किंकाळी झाली होती. शेवटच्या सरळ उतारावर तो हसायला लागला. की रडायला, ते त्याच्या बाबतीत आता नीट सांगता येत नाही. आणि माझ्या बाबतीतही येत नव्हतं.

अग्वाफ्रियाच्या चौकात आम्ही बँडवाल्यांच्या मधून गेलो, कारंज्याला अर्धी फेरी मारली आणि मक्याच्या भाकऱ्या भाजणाऱ्या बाईच्या गाडीला अलगद टेकून थांबलो. माझ्या बुटांना तळवे नव्हते. बाईने आधी आर्सेसियोला निखाऱ्यांपाशी घेतलं, सुकं पांघरूण घातलं, मग मला गुळाचं गरम पाणी दिलं. त्याच्या ओठांवर रंग परत आलेला मी पाहिला आणि तिथेच फुटपाथवर बसलो.

वाहतूक पोलीस आमच्यामागोमाग पळत आला होता. तरणाबांड, नवा, इस्त्रीचा गणवेश. त्याला धाप लागली होती आणि राग आला होता. मालवाहू तीनचाकीत दोन प्रवासी, त्यातला एक प्लास्टरचा, ब्रेक नाही, चौकात मर्यादेबाहेरचा वेग. तेवढ्यात दूधवाल्याच्या मोटरसायकलवरून रुबिएला येऊन उतरली. गुडघ्यापर्यंत चिखल, कारण दरड तिने पायी ओलांडली होती. तिने नवऱ्याच्या गालाला हात लावला, छातीला कान लावला. मग माझ्याकडे असं पाहिलं की मला धुक्यात परत जावंसं वाटलं.

"गाडी कोण चालवत होतं?" पोलिसाने वही उघडून विचारलं.

मी उठायला लागलो. पण आर्सेसियो आधी बोलला. "मी."

पोलिसाने त्याच्या मांडीवर पडलेल्या हातांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला खुलासा करायचा होता, कायद्याने तो आवश्यकही होता. पण मला उतारावरचे हुंकार आठवले आणि मी परत फुटपाथवर टेकलो. मग पोलिसाने टोपी सरळ केली आणि रीतसर विचारलं, "नाव?"

रुबिएलाने सांगायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. आर्सेसियोने सुरुवात केली. आर्सेसियो. दे. हेसूस. प्रत्येक शब्दाआधी तो श्वास गोळा करायचा. बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली होती. भाकरीवाल्या बाईने पंखा थांबवला. तोबोन. आईकडचं आडनावही त्याने सोडलं नाही, तेच नेमकं लांब, एचेवेरी. पोलीस अक्षरामागून अक्षर लिहीत होता आणि कळलं नाही तर वर न बघता थांबत होता.

"व्यवसाय?"

निवृत्त शिक्षक, असं मी आणि रुबिएला एकदम म्हणणार होतो. आर्सेसियोने डोळ्यांनीच आम्हाला थोपवलं, श्वास घेतला, आणि या वेळी शब्द जवळजवळ अखंड आला.

"सायकलपटू."

पोलिसाने तेच लिहिलं.